दोन वाट्या पेज

"मी माझ्या नवऱ्याला विष घालते, असं लोक बोलतात," सुरुची म्हणाली. "खरंच घालत असेन, तर तेही शोधून काढा."

ऑकलंडच्या माउंट वेलिंग्टन भागातल्या त्या छोट्या ऑफिसात ती निशिगंधासमोर बसली होती. निशिगंधा परुळेकर खाजगी तपासाची कामं करायची आणि गणेश तिचा मदतनीस होता. आजवर त्याने अनोळखी माणसांचीच प्रकरणं पाहिली होती. हे मात्र घरचं होतं. रणजित, धैर्यशील आणि तो, तिघंही शिकायला म्हणून ऑकलंडला आले आणि अवोन्डेलच्या एका कुबट फ्लॅटमध्ये एकत्र राहिले. एकाला नोकरी लागली की तिघांचं जेवण व्हायचं. सुरुची ही त्याच रणजितची बायको. तिला इथवर गणेशनेच आणलं होतं.

सुरुचीने सगळं सांगितलं. रणजितचं स्वादुपिंड बरीच वर्षं सुजत होतं. शेवटी ऑपरेशन करून त्याचा मोठा भाग काढावा लागला. अन्न पचवणारे रस आता पुरेसे तयार होणार नव्हते, म्हणून डॉक्टरांनी प्रत्येक जेवणाबरोबर त्याच रसांच्या कॅप्सूल दिल्या. रणजित छान सुधारला. दूर दक्षिणेतल्या थंडगार डुनेडिनच्या एका कंपनीने त्याला नोकरीला बोलावलं. आणि मग तो पुन्हा वाळायला लागला.

"जेवत नाही का?" निशिगंधाने विचारलं.

"दोन माणसांचं जेवतो. तरी तासाभरात भूक लागते."

हॉस्पिटलने रक्त तपासलं. विष कुठेच नव्हतं, यकृत ठीक होतं, कावीळ नव्हती. डॉक्टरांनी कॅप्सूलचा डोस दुप्पट केला, त्यानेही काही फरक पडला नाही. अंग धरेपर्यंत डुनेडिनला जायचं नाही, असं त्यांनी बजावलं होतं.

दुसऱ्याच दिवशी निशिगंधा आणि गणेश ऑकलंडच्याच फ्लॅट बुश भागात रणजितच्या घरी गेले. त्याचा शर्ट खांद्यावर हँगरला लटकावा तसा लोंबत होता. हातांवर काळेनिळे डाग होते. कशाला तरी नुसता धक्का लागला तरी असं होतं, रणजित म्हणाला. संध्याकाळनंतर तो मोटरवेवर गाडी घालत नव्हता, कारण अंधारात समोरचं नीट दिसेनासं झालं होतं.

निशिगंधाने त्याला संडासाबद्दल विचारलं, तेव्हा गणेशनेच मान खाली घातली. रणजितने निमूट उत्तर दिलं. फिकट, तेलकट, फ्लश करूनही तरंगत राहणारं.

रणजितची मोठी बहीण शकुताई साताऱ्याहून भावाची सेवा करायला आली होती. तिने दोघांना मागच्या डेकवर नेलं. तिचा संशय उघड होता. डुनेडिनला जायचं ठरलं, त्याच सुमारास भावाचं दुखणं उलटलं. आणि सुरुचीला त्या थंडीत जायचंच नव्हतं, असं शकुताईने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं.

"तुम्ही त्याला काही देता?" निशिगंधाने विचारलं.

"ओवा-सुंठीचा काढा. सकाळ-संध्याकाळ, माझ्या हाताने. एक वेळ चुकवलेली नाही."

सुरुचीने काहीच नाकारलं नाही. डुनेडिनला जायचं तिच्या जिवावर आलं होतं. स्वयंपाकही तीच करत होती. "मध्ये एकदा मात्र बरा झाला होता," ती म्हणाली. सुट्टीत ती दोघं आणि शकुताई गरम पाण्याच्या झऱ्यांच्या रोटोरुआला गेले होते. तिथे रणजितचं पोट शांत राहिलं, तोंडावर तकाकी आली. तिथल्या गरम पाण्याचा गुण असेल, असं सगळ्यांना वाटलं. घरी आल्यावर पुन्हा तेच.

"तिथे स्वयंपाक?"

"मीच. मोटेलला किचन होतं. वन्संचा काढाही होता. फक्त कॅप्सूलचा डबा इथे ओट्यावर विसरलो. मग डॉक्टरांना फोन करून तिथल्या फार्मसीतून बाटली घेतली."

तिने कपाटातून ती बाटली काढली. तळाशी थोड्या कॅप्सूल उरल्या होत्या. निशिगंधाने ती मागून घेतली.

तो डबा धैर्यशील भरायचा. हॉस्पिटलमधून रणजित घरी आला तेव्हा औषधांची गर्दी होती, आणि धैर्यशील फार्मसिस्ट होता. सकाळ-दुपार-रात्रीचे कप्पे असलेला डबा तो घरी भरायचा आणि रविवारी आणून द्यायचा. बाटल्या त्याच्याकडेच असत, म्हणजे घोळ नको. बाकीची औषधं केव्हाच बंद झाली. डब्याची प्रथा तेवढी राहिली.

निघताना दाराशी चपलांच्या रांगेत गणेशला ओळखीची निळी रबरी जांडल्स दिसली. "धैर्याची," रणजित हसला. "त्याचं निम्मं सामान इथेच असतं. मी आजारी पडल्यापासून रोजच येतो, आणि त्याला वाढल्याशिवाय ही ताट घेत नाही."

त्या रविवारी निशिगंधाने गणेशला एक साधं काम सांगितलं. धैर्यशील अवोन्डेलच्या बाजारात भाजी घेतो, तर डबा तिथेच त्याच्याकडून घ्यायचा आणि थेट तिच्या हातात आणून द्यायचा. धैर्यशीलला दुपारी फ्लॅट बुशला बोलवायचं.

धैर्यशील कोथिंबिरीच्या जुड्या निवडताना सापडला. गणेशला पाहून त्याने नेहमीसारखी पाठीत थाप मारली. रण्याला जपायला हवं, असल्या तब्येतीत तिकडे परक्या गावात कोण आहे त्याचं, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. डबा त्याने आनंदाने दिला. उन्हात गाडीत ठेवू नकोस, उष्णतेने वाया जातात, हेही बजावलं.

सिग्नलला गणेशने चाळा म्हणून काही कॅप्सूल कानाशी हलवून पाहिल्या. एक खुळखुळली, दुसरी गप्प होती. त्याला त्यात काही वाटलं नाही. निशिगंधाला डबा देताना ते सहज सांगितलं, तेव्हा ती नुसतं "हं" म्हणाली.

दुपारी फ्लॅट बुशच्या स्वयंपाकघरात धैर्यशीलसकट सगळे जमले. निशिगंधाने सुरुचीला तांदळाची घट्ट पेज करायला सांगितली होती. ती कोमट झाल्यावर दोन वाट्यांत ओतली. चमचा उभा राहील इतकी ती दाट होती.

"रणजितला कुणी काही घातलेलं नाही," निशिगंधा म्हणाली. "त्याच्याकडून काहीतरी काढून घेतलं गेलं."

जठरातलं अन्न थोडं थोडं करून आतड्यात उतरतं, तिने समजावलं. ते उतरलं की आतड्याकडून रक्तातून निरोप जातो. पित्ताशय पित्त सोडतं, स्वादुपिंड आपले रस सोडतं. पित्ताने तुपातेलाचे बारीक थेंब होतात आणि स्वादुपिंडाचा रस ते पचवतो. हा रस नसेल, तर माणूस कितीही जेवला तरी तूपतेल तसंच बाहेर पडतं. त्याच्याबरोबर त्यात विरघळणारी जीवनसत्त्वंही जातात. एक गेलं की अंधारात दिसत नाही. दुसरं गेलं की जरा लागलं तरी अंग काळंनिळं होतं.

"यकृत ठीक, कावीळ नाही. पित्तात खोट दिसत नव्हती. उरला स्वादुपिंडाचा रस, आणि तो याला फक्त कॅप्सूलमधून मिळतो. डोस दुप्पट करूनही फरक नाही. शून्याची दुप्पट शून्यच."

"रोटोरुआला सुरुचीचाच स्वयंपाक होता," ती पुढे म्हणाली. "शकुताईंचा काढाही होता. डबा तेवढा नव्हता."

शकुताईने पदर तोंडाला लावला. सुरुचीने तिच्याकडे पाहिलं नाही.

निशिगंधाने रोटोरुआच्या कॅप्सूल उघडून आतले दाणे चमच्याखाली चुरडले आणि एका वाटीत ढवळले. हे दाणे जठरातल्या आम्लात टिकावेत म्हणून त्यांच्यावर लेप असतो, म्हणून चुरडायचे, ती म्हणाली. हा रस नुसतं तूपतेलच नाही, तर भातातलं पिष्टही पचवतो, त्यामुळे दाणे चांगले असतील तर पेज पातळ होणार. दुसऱ्या वाटीत डब्यातल्या तेवढ्याच कॅप्सूलचे दाणे तसेच चुरडून घातले.

सगळे वाट्यांकडे बघत बसले. थोड्या वेळाने तिने पहिली वाटी कलती केली. पेज पाण्यासारखी वाहिली. दुसरी कलती केली, तर पेज जागची हलली नाही.

"उन्हात राहिला असेल डबा," धैर्यशील म्हणाला. "गणेशला मी सांगितलं होतं."

ज्या हाताने डबा आणला तो हात गणेशने नकळत टेबलाखाली घेतला.

"तासाभराच्या उन्हाने सगळ्या कॅप्सूल इतक्या मरत नाहीत," निशिगंधा म्हणाली. "आणि उन्हाने एका कॅप्सूलमधले दाणे दुसरीत जात नाहीत. कंपनीचं मशीन सगळ्या सारख्या भरतं. या डब्यात एक खुळखुळते, एक ठासून भरलेली आहे. कुणीतरी त्या उघडल्या, दाणे भाजून मारले आणि हाताने पुन्हा भरल्या. आजचा डबा या घरात आलाच नव्हता. तुमच्या हातातून गणेशच्या आणि गणेशच्या हातातून माझ्या. गणेशकडे तो असा वाटेपुरताच होता, आणि रणजित तर कितीतरी महिने वाळतोय."

धैर्यशील न हललेल्या पेजेकडे बघत राहिला.

"का, हे मला शेवटी कळलं," ती म्हणाली. "रणजित आजारी होता तोवर या घराला तुमची गरज होती. तो बरा झाला आणि डुनेडिनला निघाला."

रणजित इतका वेळ टेबलाची कड धरून बसला होता. "धैर्या, खरं आहे?"

"तुला मारायचं नव्हतं रे," धैर्यशील अगदी हळू म्हणाला. "थोडंच करत होतो. तू राहावास एवढंच. तुम्ही गेल्यावर मी कुणाकडे जाणार होतो?"

"मी वाळत होतो, तू समोर बसून जेवत होतास."

सुरुचीने फोन उचलला आणि पोलिसांना लावला. तिचा आवाज कुठेही कापला नाही. पोलीस येईपर्यंत धैर्यशील खुर्चीतच बसून राहिला. गणेशला त्याला विचारायचं होतं की डबा देताना तू माझ्या पाठीत थाप कशी मारू शकलास. पण तो दाराशी जाऊन पोलिसांची वाट बघत उभा राहिला.

रणजित सावरला. वसंत ऋतू लागला तोवर शर्ट अंगाला बसायला लागला, रात्री गाडीही चालवू लागला. शकुताईने साताऱ्याला निघण्याआधी सुरुचीची माफी मागितली, आणि सुरुचीने ती ऐकून घेतली, एवढंच. घरात डुनेडिनला न्यायची खोकी बांधली जात होती.

निघायच्या आदल्या रविवारी त्यांनी गणेशला जेवायला बोलावलं. तिघांनी जुन्या गमती काढल्या, पण प्रत्येक गोष्टीत धैर्यशील होता, म्हणून कुठलीच पुरी झाली नाही. रणजितने नव्या बाटलीचं सील स्वतः फोडलं, कॅप्सूल तळहातावर घेतली. गणेशने जगमधलं पाणी ग्लासात ओतून त्याच्यापुढे केलं.

रणजितचा हात अर्ध्यावर थांबला. त्याने गणेशकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, ओशाळलेपण होतं. "सॉरी रे," तो म्हणाला. मग तो उठला, कपाटातून दुसरा ग्लास काढला आणि नळाखाली धरला.