चांदीच्या पाठीवरची वेल

शिवाजी पेठेतले गोठे आता राहिले नाहीत. तरी दिवाळी जवळ आली, की बनाबाईंना कुठूनसा करडईच्या तेलाचा वास येतो… आणि एकोणीसशे बावन्न सालची ती सकाळ डोळ्यांपुढं उभी राहते.

तेव्हा त्या नुसत्या बना होत्या. वडील केरबा, म्हणजे आबा, दूधकट्ट्यावर गिऱ्हाइकासमोर धार काढून दूध विकायचे. गोठ्यात चार म्हशी, पण आबांचा सगळा जीव त्यातल्या चांदी नावाच्या म्हशीवर. दिवाळीच्या पाडव्याला पेठेत म्हशी सजवून मिरवायच्या आणि कुणाची म्हैस उजवी, यावर कट्ट्यावर वर्षभर बोलणं चालायचं. गेल्या साली शेजारच्या गल्लीतल्या हंबीररावांच्या म्हशीनं मान घेतला होता. आबांना ते फार लागलं होतं.

तयारी भाद्रपदापासूनच सुरू व्हायची. म्हशीचं अंग भादरायचं, पाठीवर मात्र केसांची एक वेल राखायची. मग रोज तेलपाणी लावून, ब्रशानं एकाच बाजूला बसवून त्या केसांना वळण लावायचं. हे काम वर्षानुवर्षं आकारामतात्यांचं. पण त्या साली तात्यांचा हात मोडला आणि त्यांनी शाहूवाडीकडच्या आपल्या भाच्याला धाडलं. ज्ञानू त्याचं नाव.

बना घागर कमरेवर घेऊन गोठ्यात आली, तेव्हा बाहेर भुरभुर चालू होती. केसांवर थेंब चमकत होते. ज्ञानूनं मान वर केली… आणि बघतच राहिला. हातातली कातर मात्र थांबली नव्हती. वेलीचं तळहाताएवढं पान भुईवर येऊन पडलं.

“ओ पावणं,” बना म्हणाली, “म्हैस तिकडं हाय.”

आबांचा आवाज त्या दिवशी पार कोपऱ्यावरच्या तालमीपर्यंत गेला. ज्ञानू शेवटी एवढंच म्हणाला, की पाडव्यापर्यंत रोज येतो, केस वाढवतो, वेल जोडून देतो.

आणि तो खरंच रोज येऊ लागला. कोमट तेल बोटांवर घेऊन त्या उघड्या जागेवर चोळायचा, उरलेल्या वेलीवरून ब्रश फिरवायचा. बना दाराशी टेकून बघायची. एकदा त्यानं तिच्या हाती ब्रश दिला. आधी उलटा, मग सुलटा, असं समजावताना बोटाला बोट लागलं, आणि दोघंही उगाचच चांदीकडे बघू लागले. तो गावाकडचं सांगायचा – भातखाचरावर उतरणारं धुकं, पोसवलेल्या भाताचा वास. ती हसून म्हणायची, की तिकडची माणसं म्हशीपेक्षा दुसरीकडंच जास्त बघतात काय? तो कानापर्यंत लाल व्हायचा.

हळूहळू त्या जागेवर काळी लव आली. आबा खूश झाले. बनाला मात्र ती लव नकोशी वाटली. केस वाढले, की हा येणार कशाला?

एका दुपारी आबा कट्ट्यावरून येऊन झोपले होते, आई विठाबाई देवळात गेली होती. बनानं शिवणाच्या पेटीतली कात्री काढली… आणि ती लव हलकेच खुडून टाकली. मग पुन्हा एकदा. मग पुन्हा…

केस काही वाढेना. आबांनी तेल बदलून पाहिलं. विठाबाईनं मिरच्या ओवाळून दृष्ट काढली. ज्ञानू मात्र पूर्वीपेक्षा जास्त वेळ थांबू लागला.

लक्ष्मीपूजनाचा दिवस आला. आबांचा पडलेला चेहरा बनाला बघवेना. गोठ्यात जाऊन तिनं ज्ञानूला विचारलं, “केस का वाढंना झालाय, ठावं हाय तुमास्नी?”

ज्ञानू ब्रश फिरवतच राहिला. “आपसूक वाढल्याला केस टोकाला बारीक असतोय. ह्यो बोथट हाय. कापल्याला.”

“कवा कळलं?”

“दसऱ्याच्या आदी.”

“मग बोलला का न्हाईसा?”

“बोललो असतो…” त्यानं पहिल्यांदाच सरळ तिच्याकडं पाहिलं, “तर तू थांबली असतीस की.”

तू! त्या एका शब्दासरशी बनानं तोंड चांदीकडं वळवलं.

तेवढ्यात आबा आत आले. पाठीवरची उघडी जागा बघून त्यांचा धीर सुटला. ज्ञानू चटकन पुढं झाला – चूक माझीच, हातगुण नाही माझा, म्हणाला. आबांनी त्याला बाहेरची वाट दाखवली. पुन्हा या दारात पाऊल टाकायचं नाही, असंही बजावलं.

तो उंबऱ्यापाशी पोचला, तेव्हा बनाला राहवलं नाही. “आबा, त्येंनी न्हाय. म्या कापला.”

का, म्हणून आबांनी विचारलं. ती पायाच्या अंगठ्यानं भुई उकरत राहिली. विठाबाईनं तोंडाला पदर लावला, तिला कळलं होतं. आबा एकदा लेकीकडं, एकदा त्या पोराकडं बघत गव्हाणीच्या काठावर बसले. मग ज्ञानूला म्हणाले, “उद्या पहाटे ये. म्हस धुवायची हाय.”

पाडव्याला चांदी निघाली ती तुटक्या वेलीनिशीच. गल्ली तोंडावर हात ठेवून हसत होती. पेठेत त्या दिवशी म्हशीचा कासरा घरच्याच माणसाच्या हाती असायचा. आबांनी तो उचलला, क्षणभर थांबले… आणि ज्ञानूच्या हातात दिला.

बना दारात उभी होती. समोरून हंबीरराव आले. त्यांनी ज्ञानूला खालून वर न्याहाळलं आणि विचारलं, “केरबा, ह्यो पोरगा कुणाचा?”

आबा चालता चालताच म्हणाले, “आमचाच की.”