विहिणीचे पाय

"आई ना? आई तर... आई परिक्रमेला गेली आहे!"

परातीतल्या कणकेत रुतलेले सत्यभामेचे हात जागच्या जागी थिजले. बाहेरच्या खोलीत समिधा, तिची एकुलती एक लेक, फोनवर सागर गावच्या शरयूताईंशी म्हणजे जमलं तर आपल्या होणाऱ्या सासूबाईंशी बोलत होती, आणि परिक्रमेला गेलेली आई आत तिच्याच डब्याच्या पोळ्या करत होती! मध्ये काय तो एक पडदा...

"हो ना, नर्मदा परिक्रमा. पायी. उन्हाळा लागेल परत यायला. तिची फार वर्षांची इच्छा होती. रविवारी तुम्ही याल तेव्हा काका-काकू असतील ना घरी..."

इच्छा! सत्यभामेला हसावं की रडावं कळेना. तिची इच्छा कुणी विचारली होती कधी? तिचे यजमान चिंतामणराव गेले त्याच वर्षी तिच्या बोटांच्या टोकांवर पांढरे ठिपके उठले, बघता बघता मनगटापर्यंत चढले, पायांवर घोट्यापर्यंत पसरले, आणि 'कोड' हा दोन अक्षरी शब्द अधारताल वस्तीतल्या त्या छोट्याशा घरात कायमचा राहायला आला. घरी ब्लाऊज शिवायला टाकणाऱ्या बायका एकेक करून यायच्या थांबल्या, तेव्हा ती बड्या फुहाऱ्याच्या बाजारातल्या एका दुकानासाठी शिवू लागली. तिथे शिवण पोचत होती, हात दिसत नव्हते. मे महिन्यातही पायमोजे, लांब बाह्या. लेकीच्या शाळेत जायचं तर फाटकाबाहेर, चिंचेच्या आडोशाला. सगळं तिनं आपणहून केलं होतं, लेकीला कुणी काही बोलू नये म्हणून! मागच्या वर्षी सिवनीचं चांगलं ठरत आलेलं स्थळ तिचे हात पाहून मोडलं, तेव्हा समिधा आठ दिवस जेवली नव्हती. म्हणून या वेळी पाहुण्यांसमोर यायचं नाही, एवढं तर मायलेकींत न बोलताच ठरलं होतं.

पण समोर न येणं वेगळं आणि घरात असताना नाहीशी होणं वेगळं...

पडदा सारून समिधा आत आली. आईचा चेहरा पाहून तिच्या लक्षात आलं, आणि ती एकदम चिडली. अपराधी माणूस चिडतोच.

"असं काय पाहून राहिली? मग काय सांगू, बता ना! आई घरात आहे, पण तिला बघू नका?"

"मी काही म्हटलं का?"

"तू काही म्हणत नाहीस, हाच तो प्रॉब्लेम आहे!" आणि डबा तसाच सोडून ती ऑफिसला निघून गेली.

सत्यभामा बराच वेळ ओट्यापाशी उभी राहिली. लेक बोलून तर बसली, पण खोटं ते खोटं! सागरकडची ती माणसं देवभोळी, चौकशी करणारी. चार नातेवाइकांत आज ना उद्या कुणी तरी म्हणणार की परिक्रमा कसली, त्या तर घरातच असतात. पोर लग्नाआधीच खोटारडी ठरणार... त्यापेक्षा ते खरं केलं तर? आजवर एवढं केलं, हेही करू! आणि खरं सांगायचं तर तिच्या मनात रागही होता. होताच! आई झाली म्हणून काय माणूस नसते ती?

दुपारी तिनं दोन लुगडी, एक कांबळं आणि पायमोज्यांचे तीन जोड पिशवीत भरले, शेजारच्या गल्लीतल्या दिराला, भाऊरावांना जाऊन सांगितलं, "भाऊजी, परिक्रमेला जाऊन राहिली मी," आणि ते "काहून वहिनी? अशा अचानक?" म्हणेपर्यंत ती रिक्षात बसलीसुद्धा. ग्वारीघाटावर गुरुजींनी संकल्प सोडवला, हातात नर्मदेच्या पाण्याची कुपी दिली आणि नेम सांगितला. मैया कायम उजव्या हाताला ठेवायची. काही झालं, अगदी घरात काही झालं, तरी पूर्ण होईपर्यंत तिला ओलांडायचं नाही.

पहिल्याच मुक्कामी तिला शकु भेटली. वर्ध्याची, भाजीचं दुकान सुनेच्या ताब्यात देऊन निघालेली, बोलायला लागली की नदीनंही ऐकत राहावं अशी.

"पायमोज्यांत फोड आले ना वं बाई? काढ ते."

"मला कोड आहे," सत्यभामा खाली मान घालून म्हणाली.

"मले मूळव्याध आहे. मी सांगत फिरतो का? काढ!"

सत्यभामा हसली, पण मोजे काही काढले नाहीत. बरगीच्या धरणाचं पाणी उजव्या हाताला पसरलं, मंडल्याकडची साजाच्या झाडांची रानं लागली, पहाटेच्या धुक्यात बगळे उठायला लागले, आणि दररोज चालता चालता तिच्या आत काहीतरी सैल होत गेलं. अधारतालमध्ये ती भिंतीच्या कडेकडेनं चालायची. इथे भिंतच नव्हती!

मंडल्याच्या अलीकडे एका गोंडांच्या पाड्यावर दोघी पाण्यासाठी थांबल्या तर अख्खं घर 'नर्मदे हर' म्हणत पाया पडायला धावलं. परिक्रमेला निघालेली बाई म्हणजे त्यांच्या लेखी मैयाच. सत्यभामा मागे सरकली, अडखळली, आणि फाटलेल्या मोज्यातून पांढरी बोटं बाहेर आली. शरमेनं तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं! पाया पडायला वाकलेल्या एका चिमुरडीनं त्या बोटांवर आपलं बोट ठेवून विचारलं, "दादी, ये का है?"

"चमड़ी है, और का!" तिची म्हातारी आजी खेकसली. "पाँव पड़, रस्ता रोक के मत बैठ."

चमड़ी है, और का... इतकं साधं? इतकी वर्षं तिनं जे लपवलं, ज्यासाठी उजेड नको म्हटला, माणसं नको म्हटली, ते या म्हातारीनं चार शब्दांत निकालात काढलं! त्या संध्याकाळी मंडल्याला पोचल्यावर सत्यभामा पायमोजे काढून घाटाच्या शेवटच्या पायरीवर बसली आणि पाय पाण्यात सोडले. बारक्या मासोळ्या येऊन पायांना लुचू लागल्या, सावळ्या कातडीला आणि पांढऱ्या कातडीला सारख्याच. कित्येक वर्षांत तिनं स्वतःचे पाय नीट पाहिलेच नव्हते. आज पाहिले. याच पायांनी शिलाई मशीन चालवून पोर वाढवली... मग ती रडली, हुंदके देऊन रडली, आणि शकु पहिल्यांदाच एक शब्दही न बोलता तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

अमरकंटकला, नदीच्या उगमाला वळसा घालून त्या दक्षिण तटानं परत निघाल्या. समिधाचे फोन यायचे. "बरी आहे" एवढंच सत्यभामा सांगायची. आई रागावून गेली, असं लेक समजून चालली होती, आणि आईनंही ते खोडलं नव्हतं. रविवार पार पडला होता, शरयूताईंचा मुलगा गौतम आणि समिधा एकमेकांना पसंत होती, राहिला होता फक्त साखरपुडा. पौषाच्या थंडीत ती ग्वारीघाटाच्या बरोबर समोर, गुरुद्वाऱ्याच्या बाजूच्या काठावर पोचली. पलीकडे आपलं गाव दिसत होतं... आणि तेवढ्यात फोन वाजला.

"आई, गडबड झाली! तू काकांना कळवलं होतंस ना, आज समोरच्या तटावर पोचशील म्हणून, ते बोलून गेले. शरयूकाकू आणि गौतम सागरहून आलेत, परिक्रमावासी विहिणीचं दर्शन घ्यायचं म्हणतात. आई, ऐक ना... पायमोजे घालशील? हातमोजेही. थंडी आहे म्हणू."

"पायमोजे मंडल्यालाच टाकले मी."

"मग तू नावेनं इकडे ये पटकन, मी सगळं घेऊन येते, दहा मिनिटांत तुला तयार—"

"मला नदी ओलांडता येत नाही, समिधा." सत्यभामेचा आवाज तिचा तिलाच नवा वाटला. "जन्मभर मीच तुझ्याकडे येत गेली, लपतछपत. आता ते जमणार नाही. भेटायचं असेल तर तू ये. आणि मी जशी आहे तशी भेटीन."

फोन बंद झाला. हे स्थळही आता मोडलं, आपल्याच हट्टानं मोडलं, असं सत्यभामेला वाटलं; तरी ती झाडाआड गेली नाही. भर उन्हात, वाळूवर, अनवाणी उभी राहिली.

पलीकडून एक नाव सुटली. नावेत तिघं होती. काठाला लागताच शरयूताई हातात पूजेचं ताट सावरत उतरू लागल्या, पण त्यांच्याआधी समिधानं गुडघाभर पाण्यात उडी मारली, धावत आली आणि सर्वांच्या देखत आईच्या पायांवर कोसळली.

"काकू, थांबा! आधी ऐकून घ्या... ही माझी आई. आईला कोड आहे. आणि मी तुमच्याशी खोटं बोलली. तेव्हा ती परिक्रमेला गेलीच नव्हती, घरातच होती, माझ्या डब्याच्या पोळ्या करत होती! मला... मला लाज वाटत होती तिची. आता माझीच मला वाटते."

शरयूताईंचा चेहरा कडक झाला.

"कोडाचं मला काही नाही. पण आमच्याशी खोटं? लग्नाआधीच?"

आणि आयुष्यभर खाली मान घालून ऐकून घेणारी सत्यभामा एक पाऊल पुढे आली.

"खोटं कसं, ताई? सकाळी माझी पोर बोलली, दुपारी मी निघाली. तिचा शब्द खोटा पडू नये म्हणूनच निघाली. हे पाहा पाय, हे पाहा हात. अमरकंटकला वळसा घालून आलेत. आता तुम्हीच सांगा, खोटं राहिलं कुठं?"

समिधानं मान वर केली.

"म्हणजे... तू रागावून नव्हती गेली? माझ्यासाठी गेली होतीस?"

"रागावली पण होती," सत्यभामा म्हणाली. "पण निघाली तुझ्यासाठी. आणि आता चालून राहिली आहे ती माझ्यासाठी."

"आई गं!" समिधानं तिच्या कमरेला मिठी घातली आणि लहान पोरीसारखी भोकाड पसरून रडली. सत्यभामेनं आपले पांढरे-सावळे हात लेकीच्या केसांवरून फिरवले. आजवर चारचौघांत तिनं लेकीला असं कधी जवळ घेतलंच नव्हतं.

शरयूताईंनी ताट वाळूवर ठेवलं, तांब्या घेऊन खाली बसल्या आणि पदर खोचला.

"अहो, हे काय!" सत्यभामा घाबरून मागे सरली. "विहिणीचे पाय मुलीच्या आईनं धुवायचे असतात. उलटं होऊन राहिलं हे!"

"ते लग्नात. तेव्हा तुम्ही माझे धुवाल, चांगले कोमट पाण्यानं, मी काही सोडणार नाही!" शरयूताईंचे डोळे भरून आले होते. "लेकीच्या एका शब्दाखातर जी बाई अमरकंटक चालून येते, तिचे पाय आज मी धुणार. गौतम, उभा काय राहिलास? पाणी आण!"

"मी आणते," समिधा म्हणाली. ती नदीतून तांब्या भरभरून आणून ओतत होती, सासू धूत होती, आणि शकु बाजूला उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला बोलावत होती, "या वं, या! अशी विहीण पाहाले नाही भेटणार!" गुरुद्वाऱ्याकडे निघालेली माणसं थांबली, चांगला घोळका जमला. सत्यभामेनं पाय झाकले नाहीत.

"मग साखरपुड्याची तारीख?" गौतमनं हळूच विचारलं. "माघात चांगले दिवस आहेत."

"माघात मी ओंकारेश्वराच्या वाटेवर असेन," सत्यभामा म्हणाली आणि पिशवी खांद्याला अडकवली. "परत आली की काढू तारीख."

"आणि तोवर?" शरयूताईंनी विचारलं.

समिधानं डोळे पुसले. "तोवर थांबायचं, काकू," ती म्हणाली. "माझी आई येईपर्यंत सगळ्यांनी थांबायचं."