मल्हारीची घोंगडी

मेंढरं नदीत धुऊन काढायची, उन्हात वाळवायची आणि मग लोकर कातरायला बसायचं. उमाजी धनगराचं हे वर्षानुवर्षांचं काम, डोळे मिटून होणारं. पूर्णेच्या काठी, भर दुपारी, तो एका मेंढीची लोकर कातरत होता आणि उजव्या डोळ्याच्या कोपऱ्यात वीज चमकली. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. परत चमकली. मग काळ्या चिलटांचा थवा उतरला. त्याने हाताने हाकललं, तर नजर जाईल तिकडे चिलटंही जात होती.

उमाजीने कातर खाली ठेवली. घाबरायला हवं होतं, पण आत काही हललंच नाही. हे सगळं त्याने एकदा पाहिलं होतं.

मागच्या साली त्याचा धाकटा भाऊ मल्हारी पान लागून, साप डसून गेला. माणसाला माती देताना त्याची घोंगडी त्याच्यासोबत द्यायची, ही वाडीतली रीत. पण मल्हारीची घोंगडी कोरी करकरीत, लाल काठाची. उमाजीला मोह आवरला नाही. त्याने आपली फाटकी भावाच्या अंगावर घातली आणि कोरी स्वतःला ठेवून घेतली. पुढे थोड्याच दिवसांत डाव्या डोळ्यात विजा, चिलटं आणि मग खालून वर चढत येणारा काळा पडदा. साऱ्या वाडीने एकच निदान केलं, मल्हारी भावावर घोंगडी ओढायलाय. घोंगडी नेऊन त्याच्या मातीत पुरली. तरी पडदा थांबेना, तेव्हा आश्रुबा भगताने उमाजीला बिरोबापुढे बसवलं, ढोल लावला आणि मानेला झटके देत दिवसभर घुमवलं. सांजेपर्यंत डोळा पार झाकला.

पूर्णा स्टेशनच्या डॉक्टरने नंतर कपाळावर हात मारला. "अरे, डोळ्याच्या आतला पडदा फाटला होता. गुमान पडून राहून लगेच हैदराबाद गाठलं असतंस तर वाचला असता. घुमवून घुमवून तुम्हीच तो सोलून काढलात. दुसऱ्या डोळ्यात विजा दिसल्या तर मान हलवू नको. त्याच दिवशी गाडी पकड."

ते आठवून उमाजी होता तिथेच गवतावर उताणा झाला. "कासे," त्याने बायकोला हाक मारली, "विजा दिसायल्यात."

कासाबाई धावत बैलगाडी घेऊन आली, तोवर आश्रुबाही ढोल घेऊन हजर. असल्या वेळी भगताला सांगावा धाडावा लागत नाही.

"घोंगडी देऊनबी मल्हारीचं मन भरलं न्हाई, कासाबाई. एक डाव घुमवू..."

"मामा, एक डोळा तुमाला दिला," ती म्हणाली. "ह्यो मी देणार न्हाई."

लोकरीच्या दोन गाठोड्यांमध्ये त्याचं डोकं घट्ट बसवून तिने गाडी हाकली. वाटेतच डोळ्याच्या तळाशी काळी कड दिसू लागली. रेल्वेत ती हैदराबादपर्यंत त्याचं डोकं मांडीवर धरून बसली, हात अवघडून बधिर झाले तरी.

तिथल्या डॉक्टरने फाटलेल्या जागी डाग देऊन पडदा चिकटवला. दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या बांधल्या, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावल्या. "सर नक्को हिलाव," डोकं हलवायचं नाही, असं बजावून तो गेला. पुरुषांच्या वॉर्डात बायकांना मनाई, म्हणून कासाबाई बाहेर व्हरांड्यात.

उमाजी पडून राहिला. ना भीती, ना आशा. दिवस कधी उगवतो हे त्याला भांड्यांच्या आवाजावरून कळे. एकदा झोपेत तो कुशीवर वळणार, तोच दोन तळव्यांनी त्याचं डोकं धरलं. तळवे गार होते. ओल्या लोकरीचा वास आला.

"दादा... हलू नको."

ओरडावं, असं त्याला वाटलं. पण ओरडलं तर डोकं हलेल. तो तसाच पडून राहिला. मग जेव्हा जेव्हा मान कलली, तेव्हा तेव्हा ते हात आले.

पट्ट्या सुटल्या तेव्हा कासाबाईला आत बोलावलं. उमाजीला उजव्या डोळ्याने खिडकी दिसली, मग कासाबाईची नथ दिसली. इतके दिवस दातावर दात रोवून राहिलेली ती बाई तेव्हा हमसून रडली.

नर्सने वाळूच्या पिशव्या काढल्या आणि ती चिडली. डोक्याखाली दवाखान्याची उशी नव्हतीच. काळी घोंगडी होती, घडी घातलेली, लाल काठाची. घडीतून ओली माती सांडली. "ही घाण कुणी आणली?" म्हणत तिने घोंगडी कासाबाईच्या मांडीवर टाकली. त्याच घोंगडीवर कासाबाईने स्वतःच्या हाताने माती लोटली होती.

डॉक्टरने रीत म्हणून चांगला डोळा झाकला आणि गेलेल्या डोळ्यापुढे बोटं धरली. "कितने?"

"बोटं दिसत न्हाईत, सायेब." उमाजीचा आवाज सपाट होता. "मल्हारी दिसायलाय. अंगावर कायबी न्हाई त्याच्या... कुडकुडायलाय."

कासाबाईने घोंगडी घट्ट धरली. "काय... काय म्हनतोय?"

"कायबी न्हाई. हात पुढं करून हुबा हाय."

कासाबाईने खाली पाहिलं. मांडीवरच्या घोंगडीचा लाल काठ हळूहळू ताणला जात होता.