मी पियुष, एक, दोन, तीन

"हात नको लावू त्याले! मी खोलला तो सेट, मीच बंद करीन. तुले खोलाचंच असन तं अकोल्याले जाऊन तुह्या घरचा टीव्ही खोल!"

"मी फक्त पाहून राह्यलो," रोहित म्हणाला.

"पाहाचं बी नाई."

"अबे, पाहाले काय टॅक्स लागते का?" शेषराव काउंटरवरून ओरडले. "पाहू दे ना त्याले. तुहं काय झिजते?"

पियुषनं स्क्रू-ड्रायव्हर टेबलावर असा आपटला की डब्यातले स्क्रू नाचले.

राजकमल चौकाच्या मागच्या गल्लीत शेषरावचं दुकान. दोन्ही बाजूनं मोबाइलवाले, मधात हे एकटं. जुना टीव्ही, व्हीसीआर, डीव्हीडी प्लेअर, ज्याले दुसरं कोणी हात लावत नाई असं काई असलं की लोक इथंच आणत. मोर्शीवरून, मोझरीवरून, नांदगाव पेठेवरून पिशवीत घालून आणत. कोणाचं लग्न आत अडकलेलं, कोणाचा बाप.

पियुषनं नववीत शाळा सोडली, सोडली काय, मारणाऱ्या सराचा हात धरला म्हणून त्याले हाकललं, तवापासून तो इथं होता. कोणता सेट नुसत्या आवाजावरून काय म्हणते हे त्याले समजे. उजव्या अंगठ्यावर सोल्डरिंगचा चटका होता, अर्ध्या चंद्रासारखा. तो त्याचा शिक्का होता.

शेषरावच्या दोन्ही डोळ्यात मोतिबिंदू उतरला होता. त्यायले माणूस म्हणजे नुसता पांढरा ढग दिसे, सारं काम आता कानावर. आणि त्यायनं सांगून ठेवलं होतं, "ऑपरेशनले जाच्या आधी स्टूल कोनाले द्याचं ते सांगतो." स्टूल म्हणजे त्यायचं लाकडी स्टूल, वर रिक्षाच्या सीटचं लाल रेक्झिन ठोकलेलं. ते ज्याले भेटन, दुकान त्याचं. पियुषले वाटे, यात इचाराचं काय आहे?

मंग उन्हाळ्यात हा भाचा आला. अकोल्याहून. मामा, मामा करत. डिप्लोमावाला. नखं साफ, खिशात छोटा कंगवा, आवाज असा की समोरच्याले वाटावं आपणच ओरडून राह्यलो. तो भांडत नव्हता, हेच पियुषले सहन होत नव्हतं.

भांडणातला सेट होता साधनाबाईचा. मोर्शीच्या. भाऊ दुबईले होता तवा त्यानं आणून दिलेला, आत हार्ड डिस्कवाला डीव्हीडी रेकॉर्डर. कॅमेरा लावा, टीव्ही लावा, सारं आत साठवून ठेवते. तो चालू केला की समोरच्या पाटीवर नुसतं चिन्ह गोल-गोल फिरत राहे आणि सेट बंद पडे.

"याच्यात आमचे हे आहेत," साधनाबाई म्हणाल्या. "बगिच्यात कलम बांधून राह्यले. बोलून राह्यले. दुसरं काईच नाई माह्याजवळ." मंग सेट देता देता त्यायनं पियुषचा अंगठा पकडला. "काय रे बाप्पा, एवढं भाजलं? हळद लाव."

पियुषले ते लय आवडलं होतं. म्हणून हा सेट त्याचाच होता.

त्यानं पॉवर सप्लायचे फुगलेले कॅपॅसिटर बदलले. लेन्स पुसली. ट्रेचा ढिला बेल्ट बदलला. सेट तसाच गोल-गोल. मंग तो बाथरूमले गेला, तेवढ्यात रोहितनं हार्ड डिस्कची पट्टीवाली केबल काढली, तिचे टोकं शाळेतल्या खोडरबरानं घासले, परत खुपसली.

पियुष आला तवा सेट चालू होता. टीव्हीवर डोक्याले दुपट्टा बांधलेला एक माणूस, साधनाबाईचे मालक जानरावभाऊ, जंभेरी लिंबाच्या खोडाले चीर देऊन सांगत होता, "इथी संत्र्याचा डोळा बसवाचा. घट्ट बांधाचा. मंग मूळ कोनाचं होतं ते झाडाले बी याद नाई राहत."

"खोडरबर?" शेषराव हसले. "वा रे पोट्ट्या! वा!"

पियुषले ते 'बरं आहे' म्हणत. 'जमलं' म्हणत. 'वा' नाई, कधीच.

दुकानाची एक रीत होती. रेकॉर्ड करणारा सेट दुरुस्त झाला की ज्यानं केला त्यानं स्टुलावर बसाचं, फळीवरच्या कॅमेऱ्याकडे पाहाचं, आपलं नाव घ्याचं, आकडे मोजाचे. ते त्या सेटातच रेकॉर्ड कराचं. गिऱ्हाईक न्याले आलं की पहिले तेच दाखवाचं, म्हणजे त्याले कळे, कोणाच्या हातानं झालं. शेषराव तवा टीव्हीले कान लावत. आवाज फाटला नाई, मागंपुढं झाला नाई, तं सेट पास.

रोहित स्टुलावर बसला. "मी रोहित. एक, दोन, तीन..."

शेषरावचा कान टीव्हीले चिकटलेला. चेहऱ्यावर असं काई, जसं कोणी भजन म्हणून राह्यलं.

दुपारी शेषराव घरी जेवाले गेले. रोहित थंड पाण्याची कॅन आणाले गेला. गल्लीत कुत्रं बी नव्हतं, कुलर घरघरत होता, टिनाचं शटर हात लावला तं पोळे. पियुषनं रिमोट घेतला. रोहितची टेस्ट काढली. डिलीट. सेटनं इचारलं, नक्की? पियुष म्हणाला, "हो बे, नक्की."

मंग तो स्वतः स्टुलावर बसला. लाल बत्ती लागली. टीव्हीवर तो स्वतःच दिसून राह्यला होता, घामेजलेला, केस उभे.

"मी पियुष. एक, दोन, तीन, चार..."

बंद केलं. मागं नेऊन लावलं.

स्टुलावर रोहित होता.

भांग पाडलेला, खिशात कंगवा. तोंड उघडलं आणि पियुषच्या आवाजात म्हणाला, "मी पियुष. एक, दोन, तीन, चार..."

पियुषनं शांतपणानं इचार केला. जुनं डिलीट झालं नसन. चित्र जुनं, आवाज नवा, हार्ड डिस्कमध्ये होते कधीकधी गडबड. त्यानं दोन्ही काढलं. यादीत फक्त जानरावभाऊ उरले हे डोळ्यानं पाह्यलं. पुन्हा बसला. या वेळी हात वर करून अंगठा कॅमेऱ्यासमोर धरला. "मी पियुष! पाह्य, मी पियुष!"

लावलं. रोहित अंगठा दाखवून राह्यला होता. अंगठ्यावर अर्धा चंद्र. आणि अंगात पियुषचा शर्ट, खांद्यावर उसवलेला.

मागून कॅन ठेवल्याचा आवाज आला. पियुषनं टीव्ही बंद केला.

"काय करून राह्यला?" रोहितनं इचारलं. त्याच्या अंगठ्याले रुमाल बांधला होता.

"ते काय झालं?"

"टपरीवर चहाच्या उकळत्या गंजाले लागला. जास्त नाई." त्यानं रुमाल सोडून अंगठा पाह्यला. पियुषनंही पाह्यला, अर्धा चंद्र. मंग स्वतःचा पाह्यला. डाग होता. पण फिका, जसा पेन्सिलीनं काढला आणि कोणी अर्धा पुसला.

दुसऱ्या दिवशी रोहितनं टेबलाच्या खालचा तंबाखूचा डबा काढला. बारीक स्क्रू पियुष त्याच्यात लपवे, शेषरावलेही माहीत नव्हतं.

"हा डबा तुले कोनं सांगतला?"

"माहाच डबा आहे," रोहित म्हणाला, आणि तो पहिल्यांदा चिडल्यासारखा वाटला.

पियुषनं त्याची कॉलर धरली. धरली, पण पुढं काय कराचं ते आठवेना. हात आपोआप सुटला. रोहितनं मात्र स्क्रू-ड्रायव्हर असा आपटला की डब्यातले स्क्रू नाचले.

"भांडू नका रे," शेषराव म्हणाले. "पियुष, तू मोठा आहे ना दुकानात? समजून घे त्याले."

ते रोहितकडे तोंड करून बोलत होते.

दुपारी पियुषच्या हातात एक साधा प्लेअर आला. लाल वायर कुठं, पांढरी कुठं, त्याले सुचेना. सेट चालू होता, भुणभुणत होता, पण काय म्हणते ते समजेना. नुसता आवाज. रोहित दूरूनच म्हणाला, "बेल्ट गेला त्याचा." कान न लावता.

टेबलावरचा मोबाइल वाजला. पियुषचा. आईचा फोन. रोहितनं उचलला. "हो आई. येतो ना लवकर. भाकरीच कर."

तिकडून आई काईतरी बोलली आणि हसली. आई त्याच्याशी फोनवर कधी हसली होती, पियुषले आठवेना. माहा सेट, माहा डबा, माही माय.

संध्याकाळच्या आधी साधनाबाई सेट न्याले आल्या. शेषराव म्हणाले, "पहिले टेस्ट."

टीव्हीवर पोरगं आलं. उसवलेला शर्ट, वर केलेला अंगठा. "मी पियुष! पाह्य, मी पियुष!"

शेषरावनं कान लावला. लय वेळ लावून ठेवला. "वा," ते म्हणाले. "स्टूल तुहं, पियुष."

साधनाबाईनं रोहितचा हात हातात घेतला. "तूच घेतला होता ना माह्याकडून? हळद नाई लावली वाट्टे."

"लावतो काकू," रोहित म्हणाला. पियुषच्या आवाजात.

मंग जानरावभाऊ लागले. खोडाले चीर देत होते. साधनाबाईनं डोळ्याले पदर लावला. कोणी पियुषकडे पाहून राह्यलं नव्हतं.

तो ओरडला, "काका! हा खोटा आहे! पियुष मी आहो!"

शेषराव ढगाकडे पाहावं तसं वर पाहून हसले. "रोहित, लेका, त्याची नक्कल नको करू. जळू नको त्याच्यावर. तुह्याबी हातात हुन्नर आहे."

पियुषनं अंगठा पाह्यला. कोरा. नख साफ.

त्यानं खिशात हात घातला. कंगवा होता.

त्याले शिवी द्याची होती. मोठी, जन्माची आठवण राहील अशी. त्यानं तोंड उघडलं. टीव्हीच्या काचेत त्याचं तोंड दिसून राह्यलं होतं, आणि सेटावरची लाल बत्ती चालूच होती.

"मामा," तो हळूच म्हणाला, "मले निघा लागते आता. अकोल्याची गाडी चुकन."