निळ्या खडूची फुली

ती गेल्याचं कळलं तेव्हा पेंटर एका पांढऱ्या गाडीचं बॉनेट घासत होता. बादलीत पाणी, पाण्यात वॉटर पेपर आणि दोन्ही हात कोपरापर्यंत लांबीच्या, म्हणजे पुट्टीच्या, राडीने माखलेले. खिशातला फोन वाजला. ओल्या हाताने कोण उचलणार, म्हणून त्याने वाजू दिला. पुन्हा वाजला, पुन्हा वाजू दिला. मग चिडून पँटला हात पुसले आणि फोन कानाला लावला. बाजारातला चावीवाला होता. एरवी याच्या तोंडाचा पट्टा थांबायचा नाही, पण आज त्याला शब्द सापडत नव्हते.

"पेंटर, वहिनींची गाडी इथे माझ्या दुकानासमोर आहे. तुम्ही या."

"बंद पडली का?"

"तुम्ही या आधी."

तो कामाच्या कपड्यांतच गेला. गाडीभोवती माणसं होती, पण चार हात लांब उभी. चावीवाल्याने तार घालून लॉक उघडलं होतं आणि पलीकडचं दार सताड उघडं होतं. ती ड्रायव्हरच्या सीटवर बसलेली होती. मान जराशी दाराकडे कललेली, दोन्ही हात मांडीवर, एकावर एक. शेजारच्या सीटवर भाजीची पिशवी. फोटोवाल्याने हलू नका म्हणून सांगावं आणि तिने ते फारच मनावर घ्यावं, तशी.

दवाखान्यात डॉक्टरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "हृदय बंद पडलं. एका क्षणात. त्यांना कळलंही नसेल."

ते वाक्य पेंटर घरी घेऊन आला. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तो तेच सांगत राहिला. एका क्षणात गेली, तिला कळलंही नाही. लोक म्हणायचे, पुण्यवान बाई. तो मान हलवायचा. कलत्या भिंतीला टेकू द्यावा तसं त्या वाक्याने त्याला धरून ठेवलं होतं.

पेंटरचा धंदा घरातच होता. घराला लागून पत्र्याची शेड. तिच्यात दोन गाड्या नीट मावायच्या आणि तिसरी अंग चोरून. स्वयंपाकघराचं मागचं दार थेट शेडमध्ये उघडायचं, त्यामुळे जेवणाला थिनरचा वास यायचा आणि गाड्यांना जेवणाचा.

चेपलेला पत्रा आतून ठोकून बाहेर काढायचा, वर लांबी भरायची, वाळली की घासायची. इथवर कोणीही करेल. पण पत्रा सपाट झाला की नाही, ते डोळ्यांना कळत नाही, तळहाताला कळतं. डोळे मिटून हात अलगद फिरवायचा. पेंटरचा हात चांगला होता. बायकोचा त्याहून चांगला. लग्नानंतरच्या दिवसांत ती चहा घेऊन शेडमध्ये आली होती, एका दारावरून सहज हात फिरवला आणि म्हणाली, "इथे खड्डा आहे." त्याने हसण्यावारी नेलं. रंग दिल्यावर उन्हात नेमका तिथेच खड्डा दिसला. तेव्हापासून तिचा हात फिरल्याशिवाय एकही गाडी रंगाला गेली नाही.

ती शिवणकाम करायची. शिंप्याचा चपटा निळा खडू तिच्याजवळ नेहमी असायचा. पत्रा खोल लागला तिथे ती गोल काढायची, उंच लागला तिथे फुली. गोलात लांबी भरायची, फुलीवर बाहेरून हातोडी मारायची. तो झोपेतून उठायच्या आत तिचं हे काम आटोपलेलं असायचं. तो शेडमध्ये यायचा तर गाडीला गोवर आल्यासारखे निळे गोल.

"अगं, इतके? काल आरशासारखी केली होती."

"आरशाला सुरकुत्या पडल्यात."

तिची स्वतःची छोटी गाडी मात्र तशीच राहिली होती. कधी काळी फाटकाच्या खांबाला घासून ड्रायव्हरकडचं दार चेपलं होतं आणि तेव्हापासून ते चौकटीत अडकायचं. बाहेरून जोर लावून ओढलं तर उघडायचं. आतून खांद्याने ढकलावं लागायचं.

"लोकांच्या गाड्या नवरीसारख्या सजवता," ती म्हणायची, "आणि माझी मेली सवतीची लेक."

"बघतो गं. हातातली एवढी होऊ दे."

"तुमची हातातली कधी संपते का?"

"मग तोवर पलीकडून उतर की. तेवढाच व्यायाम."

ती हसायची, पाय उचलून गिअरवरून पलीकडे सरकायची आणि उतरायची. पुढे पुढे तिने सांगायचंही सोडून दिलं.

ती गेल्यावर जावयाने गाडी आणून शेडच्या मागच्या कोपऱ्यात लावली आणि वर जुनी चादर टाकली. लेक काही दिवस राहून आपल्या घरी गेली. मेहुणी राहिली. "भाऊजींना एकटं सोडलं तर थिनर पिऊन जगतील," असं तिने सगळ्यांना सांगितलं आणि स्वयंपाकघर ताब्यात घेतलं.

पेंटरने काम सुरू केलं ते त्या पांढऱ्या गाडीपासूनच. अर्धवट बॉनेट पुरं घासलं, हात फिरवला, ठीक लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रायमर कालवून शेडमध्ये आला तर बॉनेटच्या कडेला एक निळा गोल होता.

"तू हात लावलास का गाडीला?" त्याने मेहुणीला विचारलं.

"मी कशाला लावू? त्या भुकटीने मला शिंका येतात."

जुनी खूण राहिली असेल म्हणावं, तर त्या जागची लांबी कालच घासलेली. त्याने डोळे मिटून हात फिरवला. काही लागेना. पुन्हा फिरवला, अगदी सावकाश. मग लागलं. कागदाच्या जाडीइतकं खोल, पण खोल. त्याने लांबी भरली, घासली, रंग दिला. गिऱ्हाईक गाडीभोवती फिरून म्हणालं, "कुठे लागलं होतं तेच सापडत नाही."

त्या संध्याकाळी त्याने शिलाई मशीनचा ड्रॉवर उघडला. खडू होता, बॉबिनांच्या डबीशेजारी. त्याची कड झिजून पात्यासारखी झाली होती. ती तशीच ठेवायची का, हे त्याला आठवेना. तिचा खडू त्याने कधी नीट पाहिलाच नव्हता.

पुढच्या गाडीवरही गोल आले. त्याच्या पुढच्या गाडीवरही. कधी गोल, कधी फुली, आणि एकही चुकीची नाही. खरं तर पेंटरने घाबरायला हवं होतं. पण तो सकाळी लवकर उठायला लागला. दाढी करायला लागला. शेडचं दार उघडण्याआधी क्षणभर थांबायचा, आणि आत गेल्यावर म्हणायचा, "बोल, आज काय काय चुकलं?"

"कोणाशी बोलताय?" मेहुणी आतून विचारायची.

"गाडीशी."

"ती उत्तर द्यायला लागली की सांगा. मी बॅग भरते."

असे दिवस चालले असताना एका सकाळी त्याने कोपऱ्यातल्या गाडीवरची चादर काढली. आता तिच्यात बसणारं कोणी नव्हतं, हे त्यालाही कळत होतं. तरी त्याला ते दार करायचं होतं आणि तिच्याकडून तपासून घ्यायचं होतं. एवढंच.

दाराचं आतलं प्लास्टिकचं आवरण त्याने उतरवलं. आतून लोखंडी ठोकळा लावून पोचा बाहेर काढला. बिजागरी सारखी केली, चौकटीत घासणारी कड मागे घेतली. मग तिच्या सीटवर बसून त्याने दार लावलं आणि हँडल ओढून एका बोटाने ढकललं. दार उघडलं. पुन्हा लावलं, पुन्हा ढकललं. पुन्हा उघडलं.

एका दुपारचं काम होतं. सगळं मिळून एका दुपारचं.

लांबी भरून, घासून, हात फिरवून तो झोपायला गेला. आपण इतकं सपाट दार आयुष्यात केलं नाही असं त्याला वाटलं. एखादा गोल तरी निघेलच, तिच्या हातून सुटका नाही, असंही वाटलं.

सकाळी दारावर गोल नव्हता. फुली होती. हँडलच्या थोडी खाली, एकच.

त्याने तळहात ठेवला. फुगवटा होता, चांगला बशीएवढा. काल नव्हता. ठोकताना आपला घाव जास्त बसला असेल, असं त्याने स्वतःला समजावलं आणि हलक्या हाताने तो बसवला. वरून पुन्हा लांबी, पुन्हा घासणं.

दुसऱ्या सकाळी फुली तिथेच होती. तिच्या खाली आणखी एक.

त्याने आवरण पुन्हा उतरवलं, बॅटरी घेऊन आत पाहिलं. आत काही नव्हतं. काचेची पट्टी, लॉकची सळई, पत्रा. पत्रा असा फुगायला आतून जोर लागतो आणि दाराच्या त्या फटीत माणसाचा हात जात नाही. त्याने आपला घालून पाहिला. मनगटाला ओरखडे आले.

मग रोज एक. एकाखाली एक, हँडलपासून खाली, किंचित मागे सरकत. प्रत्येक फुगवटा आधीच्याहून लहान. बाकीच्या गाड्यांवर आता काहीच उमटत नव्हतं. त्या तशाच उभ्या होत्या आणि गिऱ्हाइकांचे फोन येत होते.

"आज काय चुकलं?" हे विचारणं त्याने बंद केलं.

लॉक तारेने बिघडलेलं होतं, ते बसवायला त्याने चावीवाल्याला बोलावलं. तो आला, "काय पेंटर, शेडमध्ये चहा मिळतो की नुसतं थिनर?" म्हणत गाडीकडे वळला आणि थांबला. हातातली पेटी त्याने हळूच खाली ठेवली.

"हे काय आहे?"

"खुणा. पत्रा उंच लागला की फुली काढतात."

"ते नाही विचारत." चावीवाल्याने दाराकडून नजर काढली नाही. "या जागा तुम्हाला कोणी सांगितल्या?"

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला.

"मी कोणालाच सांगितलं नव्हतं," चावीवाला म्हणाला. "घरी बायकोलासुद्धा नाही."

"मला सांग."

"जाऊ द्या ना पेंटर."

"सांग."

चावीवाल्याने रुमाल काढला, तोंड पुसलं, आणि रुमालाकडे बघतच राहिला.

"मी आधी हेच दार ओढणार होतो. पण काचेतून दिसलं, वहिनी पूर्ण दारावर रेलल्या होत्या. उघडलं असतं तर खाली आल्या असत्या. म्हणून पलीकडून शिरलो. त्यांचे दोन्ही हात दारावर होते. असे." त्याने तळवे हवेत धरले. "आतल्या प्लास्टिकवर तळव्यांचे ओले ठसे होते. हँडलपासून खाली. एकाखाली एक. मी ते पुसले. हात मांडीवर ठेवले. तुम्ही येत होता ना. म्हटलं, तुम्हाला तसं दिसू नये."

पेंटरने विचारलं, "वेळ लागला असेल?"

"मला काय कळणार त्यातलं. मी दुकानात होतो. मशीन चालू होतं. मला ऐकू नाही आलं पेंटर, खरंच सांगतो."

तो लॉक बसवून गेला. चहा त्याने घेतला नाही. मेहुणी दाराशी येऊन उभी राहिली होती, ती आत गेली. तिने बॅग भरली नाही, पण त्यानंतर ती शेडमध्ये आली नाही.

ते डॉक्टरांचं वाक्य पेंटरने परत कोणाला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो शेडमध्ये गेला. दाराच्या अगदी तळाशी, जिथे पत्रा संपतो, तिथे एक नवी खूण होती.

त्याने वाकून डोळे मिटले आणि तळहात ठेवला. जेमतेम लागत होतं. बोटाच्या टोकाएवढं.

त्याने डोळे उघडले.

ती फुली पुरी नव्हती. एकच रेघ होती, खाली येता येता पुसट झालेली. दुसरी काढलेलीच नव्हती.

त्यानंतर कुठल्याच गाडीवर खूण आली नाही. ड्रॉवरमध्ये खडू आहे, त्याची कड तशीच आहे. पेंटर आता स्वतःच्याच हाताच्या भरवशावर काम करतो आणि उन्हात कधी कधी खड्डे दिसतात.

तिच्या गाडीचं दार आतून एका बोटाने उघडतं. लॉक नवं आहे. रंग कालवून डब्यात ठेवला आहे. फुगवटे बसवायचे तर दारावर बाहेरून हातोडी मारावी लागेल. ते तेवढं राहिलं आहे.