एकतारी पाक आणि आजोबांचा दात

त्या दिवशी आमच्या मिरजेच्या घरी रव्याचे लाडू चालले होते. आई रवा भाजत होती. मला म्हणाली, "पाकाकडे बघ गं. एकतारी झाला की हाक मार." पाक दोन बोटांत धरून बोटं लांब केली की एकच तार निघते. तेवढ्यात गॅस बंद करायचा. पुढे गेला की लाडवांचे दगड होतात.

माझा फोन वाजला आणि मी बोलत खिडकीशी गेले. परत आले तेव्हा पाक पुढे गेला होता. मी गुपचूप गॅस बंद केला आणि म्हटलं, "झाला."

संध्याकाळी लाडू फुटेना. आई म्हणाली, "माझाच पाक चुकला." मी गप्प बसले.

"कोण म्हणतं कडक झालाय?" असं म्हणून नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सरळ पुढच्या दातांनी लाडू चावला. टक्! दात मुळापाशी मोडला. आई पदर तोंडाला लावून हसत सुटली. "चाळीस वर्षं प्रयोगशाळेत धातू तपासलेत, आणि हरलात कुणापुढे, तर लाडवापुढे!" नानाही हसले. माझी मुलगी शाल्मली तर जमिनीवर लोळली.

दुसऱ्या दिवशी पहाटे आई झोपेतच गेली.

उरलेलं मूळ डॉक्टरांनी काढलं, पण नवा दात बसवायला नाना तयार होईनात. "असू दे," ते म्हणायचे. "तिच्या हातची शेवटची खूण आहे." ते असं म्हणाले की मी पाणी भरायच्या निमित्तानं उठून जायचे.

वर्ष गेलं. नाना मऊ भात खायचे, हसताना तोंडावर हात धरायचे. शेवटी दहा वर्षांच्या शाल्मलीनंच त्यांना बिनचालकाच्या रिक्षेत बसवून डॉ. फरीदा मुजावरांकडे नेलं. मी मागे बसले होते.

डॉक्टरांच्या टेबलाशेजारी गुडघ्याएवढा एक यंत्रमानव होता. त्याचं नाव टकटक. त्यानं नानांच्या जबड्याचं चित्र हवेत उभं केलं. रिकाम्या जागेखालचं हाड खचलेलं दिसत होतं.

"दात गेला की हाडाला वाटतं, आपलं काम संपलं," टकटक म्हणाला. "चावण्याचा दाब येत नाही, म्हणून ते झिजतं. आणखी वर्षभर थांबलात तर नव्या दातासाठी हाडात जो स्क्रू बसवतात, त्याला आधार उरणार नाही."

नाना चित्राकडे बघत राहिले. मग म्हणाले, "स्क्रू कसला घालता?"

"टायटॅनियमचा (हलका, मजबूत, न गंजणारा धातू)."

"पण आजोबा," शाल्मली म्हणाली, "माझ्या पायात काटा गेला होता तेव्हा तो पिकून बाहेर आला. शरीर काटा बाहेर ढकलतं, मग एवढा मोठा स्क्रू आत का ठेवून घेईल?"

नानांचे डोळे वर्षभरानं चमकले. "चांगला प्रश्न आहे! आता मला तो स्क्रू बघायलाच हवा."

शस्त्रक्रियेला तासही लागला नाही. आधी हिरडीत बधिर करायचं इंजेक्शन. नंतर नानांना दुखलं नाही, फक्त जबडा थरथरल्यासारखा वाटला. हाडात बारीक भोक पाडून डॉक्टरांनी स्क्रू हळूहळू फिरवत बसवला, वर छोटं झाकण लावलं आणि हिरडीला टाके घातले. दोन दिवस गाल पुरीसारखा फुगला. बर्फाचा शेक, मऊ जेवण आणि त्या बाजूनं काहीही चावायचं नाही, अशी ताकीद होती. दात मात्र लगेच मिळाला नाही.

"का?" शाल्मलीनं विचारलं.

"कारण स्क्रू सध्या नुसता अडकलाय," टकटक म्हणाला. "तो रुजायचाय. टायटॅनियमला हवा लागली की क्षणात त्याच्यावर एक अतिशय पातळ साय धरते."

"ऑक्साइडचा थर (धातू आणि प्राणवायू मिळून झालेलं आवरण)," नानांनी सांगितलं. "लोखंडावरचा थर म्हणजे गंज, तो लोखंड खातो. हा मात्र धातूला राखतो. काट्याबरोबर घाण आणि जंतू आत जातात, म्हणून शरीर त्याच्याशी भांडतं. या थराशी त्याचं भांडण नाही. उलट अस्थिपेशी (हाड बांधणाऱ्या बारीक पेशी) त्याच्यावर चढतात आणि स्क्रूच्या आट्यांमध्ये नवं हाड भरतात."

"गोंद न लावता?"

"गोंद न लावता."

पहिल्या दिवशी टकटकनं झाकणावर हलकेच टकटक केलं आणि त्याची थरथर मोजली. बाजारात माठ वाजवून बघतात तसंच ते होतं. स्क्रू जितका घट्ट, तितका आकडा मोठा. आकडा आला सत्तर. तिसऱ्या आठवड्यात तो एकसष्टवर उतरला.

शाल्मली रडकुंडीला आली. "सुटतोय का तो?"

नाना तिच्याकडे बघून म्हणाले, "तुझ्या आजीनं नको म्हटलं असेल."

"आजोबा, यंत्राला आजी काय सांगणार?" टकटक म्हणाला. "घाबरू नका, हे असंच होतं. स्क्रूनं ज्या जुन्या हाडाला पकडलं होतं, ते शरीर आधी काढून टाकतं. नवं अजून तयार झालेलं नसतं. जुनं गेलंय आणि नवं आलेलं नाही, असे हे मधले आठवडे. आता फक्त जपायचं आणि थांबायचं."

आम्ही थांबलो. नानांनी तंबाखूची डबी शेजाऱ्यांना देऊन टाकली, कारण तंबाखूनं रक्तपुरवठा कमी होतो आणि हाड भरायला उशीर लागतो. ते रोज मऊ ब्रशनं हिरडी साफ करायचे. सहाव्या आठवड्यात सहासष्ट. बाराव्या आठवड्यात टकटकनं ठोकलं आणि तो चक्क टुणकन उडाला. "शहात्तर!"

त्याच दुपारी यंत्रानं नानांच्या बाकीच्या दातांच्या रंगाचा नवा दात छापला आणि डॉक्टरांनी तो स्क्रूवर बसवला. आरशात बघताना नानांनी तोंडावरचा हात काढला.

"पुढच्या दातानं खडीसाखर फोडायची नाही," डॉक्टर म्हणाल्या. "दर सहा महिन्यांनी दाखवायला या."

"लाडू चालेल?"

"मऊ असेल तर."

त्या दिवशी लाडू मी केले. फोन बंद करून ठेवला. पाक दोन बोटांत धरला, एक तार निघाली आणि मी लगेच गॅस बंद केला. शाल्मली शेजारी उभी राहून विचारत होती, "मी मोठी होईपर्यंत खरा दातच उगवून आणता येईल का गं?"

"तू शोध," नाना दारातून म्हणाले. "मी तोवर हा वापरतो."

त्यांनी लाडवाचा घास घेतला. सावकाश चावला आणि मनापासून हसले. "बघ, तुझ्या आईचा पाक तेवढा एकदाच चुकला."

मी हातातलं उलथनं खाली ठेवलं.

"नाना, आईचा पाक चुकला नव्हता. मी फोनवर बोलत होते, पाक माझ्या हातून पुढे गेला. तिनं स्वतःवर घेतलं आणि मी गप्प राहिले. उद्या सांगू म्हटलं होतं."

नानांनी उरलेल्या लाडवाचे दोन भाग केले आणि एक माझ्या हातावर ठेवला. मी शेगडीकडे, आई जिथे रवा भाजायची त्या जागेकडे वळले.

"आई," मी मोठ्यानं म्हणाले, "तो पाक माझा होता. तुझा नाही."