वहिनीच्या हातचा पेला

बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला आणि चहाचा ट्रे घेऊन निघालेली मीना स्वयंपाकघराच्या उंबऱ्यातच थांबली. आता वाटणी होणार होती... आणि त्या वाटणीत आपल्या वाट्याला काय येणार, हे तिला बॅग उघडण्याआधीच ठाऊक होतं.

शेखर, तिचा धाकटा दीर, परदेशी प्रवाशांना समुद्रावर फिरवून आणणाऱ्या एका मोठ्या जहाजावर नोकरीला होता. जहाज कसलं, पाण्यावर तरंगणारं गावच ते. आणि त्या गावातल्या बारमध्ये पाहुण्यांचे पेले भरणं हे त्याचं काम. सासूबाई, विमलाबाई, इंदिरानगरच्या त्यांच्या कॉलनीत मात्र सांगायच्या, "माझा शेखर जहाजावर लय मोठा साहेब हाय." या खेपेला तो मुदत संपायच्या कितीतरी आधीच घरी परतला होता. का, ते त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं.

सासूबाईंना मऊ शाल मिळाली. वेदिकाला, शेखरच्या बायकोला, अत्तराची निळी कुपी, सोनेरी पट्ट्याचं घड्याळ आणि मोत्यांचा सर. मीनाच्या हातात सुक्यामेव्याचा डबा आला, तोही "सगळ्या घराला होईल, वहिनी" असं म्हणून. म्हणजे तो तिचा नव्हताच... घराचा होता.

तिचा नवरा रंगनाथ सोफ्यावर पुढे सरकून बसला होता. दर खेपेला बॅगेच्या तळाशी, टॉवेलात गुंडाळलेली, दादासाठी खास बाटली निघायची. टॉवेल निघाला, झटकला गेला, पण रिकामाच.

"आणि माझं रे?" रंगनाथने हसत विचारलं.

"या वेळी नाही आणली, दादा."

"गोऱ्या लोकांना पाजता पाजता संपली वाटतं." रंगनाथ मोठ्याने हसला, पण त्याचा उतरलेला चेहरा मीनाला दिसला, आणि त्याच क्षणी वेदिकाने खाली घातलेली मानही दिसली. मीनाच्या काळजात काहीतरी भस्सकन पेटलं. ही हिचीच शिकवण! हिला मोती आणि ज्याने बापाच्या माघारी वाढवलं त्या भावाला रिकामा टॉवेल...

मीना लग्न होऊन आली तेव्हा शेखर दहावीत होता. लासलगावकडचं गाव सोडून कुटुंब नाशिकला आलेलं, सासरे नुकतेच वारलेले, आणि रंगनाथ अंबडच्या एका कारखान्यात नवखा. शेखरला हॉटेलचं शिक्षण घ्यायचं होतं तेव्हा घराला एकाचीच फी झेपणार होती, आणि मीनाचं डी.एड. अर्धं राहिलेलं. "माझं काय, पुढेमागे होईल," असं तीच म्हणाली. ते पुढेमागे कधी उगवलंच नाही, आणि कुणाच्या लक्षातही राहिलं नाही. आता बंदरातून शेखरचा फोन आला की सासूबाई आधी वेदिकाला हाक मारायच्या. मीनाच्या हातात रिसीव्हर येईपर्यंत नुसती खरखर उरलेली असायची.

तिचं असं एकच उरलं होतं. रंगनाथचा पेला.

मुंबई नाक्यावर तो एकदा पिऊन स्कूटरवरून पडला, तेव्हापासून तिने नेम घालून दिला होता: प्यायची तर घरात, माझ्यासमोर, माझ्या हातची. दिवेलागणीला ती देवापुढे निरांजन लावी, शुभंकरोति म्हणे, हात धुऊन कपाटातली बाटली काढी, दोन बोटं ओती, पाणी घाली, बाटली कुलपात, किल्ली कमरेला, आणि पुन्हा हात धुई. सोमवारचा उपास करावा तसाच हाही नेम. नवऱ्याला रस्त्यावरून उचलून आणण्यापेक्षा हे विष मोजूनमापून आपणच द्यावं, असं तिने मनाशी ठरवलं होतं आणि त्याला ती तपश्चर्या मानत होती. दोन बोटांची तीन कधी झाली, तिनाची चार कधी, हे मात्र तिचं तिलाही कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शेखर स्वयंपाकघरात आला, ओट्याला टेकून उभा राहिला. मग म्हणाला, "वहिनी, दादाला तू ओतून देत जाऊ नकोस."

तिच्या हातातली पोळी तव्यावर वाकडी पडली. "हे तुझं बोलणं की वेदिकाचं?"

"माझंच."

"तू साऱ्या जगाला पाजतोस ते चालतं. मी माझ्या नवऱ्याला दिली तर डोळ्यांत खुपली होय रे?"

त्याच्या ओठांवर काहीतरी आलं होतं, पण बाहेर सासूबाई कुणा शेजारणीला साहेब-मुलाचं कौतुक ऐकवत होत्या. तो तसाच मागे फिरला. त्याच्या मागोमाग पॅसेजमधून वेदिकाच्या नव्या अत्तराचा वास आत आला आणि मीनाला वाटलं, आपलं घर, आपला दीर आणि आता आपला नवरासुद्धा ही बाई एकेक करून आपल्या हातून काढून घेणार.

तो सोमवार होता. ती महादेवाला निघाली, पिशवीत बेलाची पानं, तांब्या, फुलं. देवळाच्या वळणाशी तिची पावलं थांबली. घरची बाटली तळाला गेली होती. तुमच्या टॉवेलावाचून आमचं अडत नाही, हे एकदा त्या मोतीवालीला दिसू दे... या एका विचाराने ती इतकी आंधळी झाली की पदर डोक्यावरून कपाळापर्यंत ओढून ती हमरस्त्यावरच्या दारूच्या दुकानापुढे, पुरुषांच्या रांगेत जाऊन उभी राहिली. उपाशी पोटी. परत येताना बाटली बेलाच्या पानांत झाकलेली होती आणि महादेव पाण्यावाचून राहिला होता.

त्या संध्याकाळी तिने पेला सगळ्यांदेखत हॉलमध्ये आणला. भरलाही नेहमीपेक्षा वर. "आज हात सैल सुटला म्हणायचा," रंगनाथ खुशीत म्हणाला. शेखर तेवढ्यात बाहेर गेला होता. वेदिका दारात उभी राहून बघत होती, तिने हलकेच "ताई..." म्हटलं मात्र, मीनाने तिच्याकडे रोखून बघत दुसऱ्यांदा ओतलं. मग तिसऱ्यांदा. नवरा पीत होता आणि बायको जिंकत होती.

तेवढ्यात गच्चीवरची टाकी वाहू लागली. रंगनाथ कॉक बंद करायला जिना चढला. वरचा पाण्याचा आवाज थांबला, आणि मग जिन्यावरून दुसराच आवाज आला...

दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं की मांडीचं हाड मोडलंय, ते जुळेल; पण लिव्हरची जी अवस्था आहे, ती पाहता हे असंच चालू राहिलं तर हा माणूस फार दिवसांचा सोबती नाही.  तिसऱ्या दिवशी मीनाने रंगनाथच्या हातात चहाचा कप दिला आणि तो धरता धरता सगळा चादरीवर सांडला. त्याचे हात पानासारखे थरथरत होते, अंगाला घाम, डोळ्यांत भलतीच भीती. डॉक्टर म्हणाले, दारू तुटली की असंच होतं. इतक्या वर्षांत तिने एकही संध्याकाळ कोरी जाऊ दिली नव्हती, म्हणून हे हात तिला कधी दिसलेच नव्हते. आजार तिच्याच नेमाने झाकून ठेवला होता.

बाहेरच्या बाकावर सासूबाई धुमसत होत्या. घरातली बाटली तर संपलेली होती, मग ही भरलेली आली कुठून? कुणी आणली?

मीनाने पदर सावरला. आणि तिने तोंड उघडण्याआधीच वेदिका शांतपणे म्हणाली, "आमच्या बॅगेत होती, आई. मीच काढून ठेवली."

सासूबाईंनी मग काही शिल्लक ठेवलं नाही. पांढऱ्या पायाची म्हणाल्या, माहेर काढलं, पोराच्या जिवावर उठलीस म्हणाल्या. वेदिका मान खाली घालून ऐकत राहिली. आणि मीना? खरं सांगायचं तर पहिल्या क्षणी तिच्या मनाला गारवा वाटला... सासूबाईंच्या तोंडून वेदिकाला बोल बसताना ऐकायला ती किती वर्षं तहानलेली होती. पण तो गारवा घशाखाली उतरेना. वेदिकाने एकदाच वर पाहिलं. त्या नजरेत ना उपकार होते ना टोमणा. तिला सगळं ठाऊक होतं, बेलाच्या पानांतून डोकावलेल्या बाटलीसकट, आणि तरी तिने मीनाला झाकलं होतं.

शेखर मीनाला बाजूला, व्हरांड्याच्या टोकाला घेऊन गेला. तो बोलू लागला तेव्हा त्याचा आवाज दहावीतल्या पोरासारखा झाला होता.

जहाजावर त्यांना शिकवलेलं असतं, तो म्हणाला, पाहुण्याकडे बघत राहायचं. नीट बोलतोय, नीट चालतोय तोवर हिरवा. जीभ जड झाली की पिवळा. तोल गेला की लाल, मग कितीही मोठा पाहुणा असो, पेला भरायचा नाही. कॅनडाचा एक म्हातारा होता, बायको वारलेली, एकटाच आलेला. रोज दुपारपासून शेखरपुढे बसायचा, त्याला पोरा म्हणायचा. सकाळी त्याचे हात थरथरायचे. शेखरला तो लाल दिसत होता, अनेक दिवस दिसत होता. पण नाही म्हटलं तर म्हातारा रुसेल, तक्रार जाईल, आणि खरं म्हणजे त्याचं हसू जाईल... म्हणून तो भरत राहिला. एका सकाळी म्हाताऱ्याच्या खोलीचं दार उघडलंच नाही.

"चौकशी झाली, वहिनी. सगळे म्हणाले, जाणता माणूस, त्याची जबाबदारी त्याची. तिकिटावरही तसंच लिहिलेलं असतं. मला कुणी शब्दाने बोललं नाही. तेच मला सोसलं नाही. नोकरी सोडून आलो." त्याने डोळे पुसले. "दादाचे हात मी मागच्या सुट्टीत सकाळी पाहिले होते. पाहिले, आणि तरी त्याच्यापुढे बाटली ठेवून गेलो. तुला कुठल्या तोंडाने सांगू?"

मीनाला वाटलं, आपल्या आतली कसलीतरी घट्ट गाठ कुणीतरी नखाने सोडवतंय आणि ती सुटताना दुखतंय.  ती तडक सासूबाईंपुढे जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आई, बाटली मी आणली. दुकानात जाऊन. वेदिकाच्या हेव्यापोटी आणली आणि हेव्यापोटी ओतली. ती मला पाठीशी घालतेय."

"तू?" विमलाबाईंचा कानांवर विश्वास बसेना. "देवाधर्माची तू?"

खोलीचं दार उघडंच होतं. आतून रंगनाथचा ओढलेला आवाज आला. कितीतरी वर्षांनी तो गावाकडच्या बोलीत बोलला. "आई, कुनी माझ्या घशात नाय वतली. तिनं भरली, ह्यानं आनली, पन गिळली मी. त्यांना नको बोलू."

 मग वेदिका मीनाजवळ आली, आणि तिच्या खांद्यावर डोकं टेकून इतके दिवस दाबलेलं रडू तिने मोकळं केलं. "मलाही तुमचा हेवा वाटायचा, ताई. दिवेलागणीला तुमच्यासमोर माणूस असायचा. पिणारा का होईना, पण समोर. मी त्या अत्तराच्या कुप्या मांडून बसायचे..."

मीनाने तिला पोटाशी धरलं. आजवर तिला वेदिकाचे मोती दिसले होते. त्या मोत्यांमागच्या रिकाम्या संध्याकाळी दिसल्या नव्हत्या.

हाड जुळलं, कुबडी आली. मधल्या दिवसांत सासूबाई मीनाशी अबोला धरून होत्या, आणि संध्याकाळी रंगनाथ कळवळून, प्रसंगी शिव्या देऊनही तिच्याकडे मागायचा. ती जवळ बसून राहायची, हात मांडीवर ठेवून, आणि भरून द्यायची नाही. कितीदा तिने त्याला विनवलं की पुण्याच्या व्यसनमुक्ती केंद्रात चला, मी येते सोबत. तो भिंतीकडे तोंड करायचा. आणि एका सकाळी तो शेखरला म्हणाला, "तू नेशील का रे मला?"

त्याने मागितलं ते शेखरकडे. मीनाने बॅग भरली, धोतरजोडी नको म्हणाला म्हणून लेंगे ठेवले, अंगारा पुडीत बांधून कडेला सारला. फाटकाशी रिक्षा आली. विमलाबाईंनी शेखरच्या तोंडावरून हात फिरवून बोटं कडाकडा मोडली. "माझ्या शेखरनं थोरल्याला वाचवलं गं बाई," त्या भरल्या गळ्याने शेजारणीला म्हणाल्या.

वेदिकाचे ओठ हलले. ती बोलणार, एवढ्यात मीनाने तिचा हात घट्ट दाबला.

रिक्षा वळली. रंगनाथने मागे पाहिलं, अगदी ओझरतं, आणि ते मीनाकडेच होतं की घराकडे, हे तिला कळलं नाही.

"का नाही बोलू दिलंत, ताई?" वेदिकाने विचारलं. "रात्रंदिवस त्यांच्या उशाशी तुम्ही बसला होतात."

"हेवा वाटला गं मला आत्तासुद्धा," मीना हळूच म्हणाली. तिचे डोळे वाहत होते आणि ती ते पुसतही नव्हती. "तुझ्या नवऱ्याचा वाटला. इतकी वर्षं मी सांगत होते, आणि हे ऐकले त्याचं... वाटला तर वाटू दे. माणूस बरा होऊन येऊ दे. कुणाच्या का हातानं होईना."

मग ती फाटक लावायला वळली, तर फाटक वेदिकाने आधीच लावलं होतं, आणि मीनाला आत न्यायला ती हात पुढे करून उभी होती.